माय सुटली का न्हाई?

वाचनालयाची वर्गणी सगळ्यांना सारखीच होती आणि मी ती कधी चुकवली नाही. बसायची जागा मात्र सारखी नव्हती. बाकीचे सभासद आत बाकांवर बसत. मी महार, म्हणून माझं पुस्तक बाहेर पायरीवर ठेवलं जाई. मी परत केलं की चिटणीस त्यावर गोमूत्र शिंपडत आणि उन्हात वाळवून मगच कपाटात लावत. मी तेव्हा जालन्यातल्या एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होतो. मी तोललेल्या कापसाचे सदरे त्यांच्या अंगाला चालत.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांवरचं एक पुस्तक मी नेलं होतं. संध्याकाळी महारवाड्यात मोठ्यानं वाचायचो. एक तरुण गोऱ्या मालकाकडून पळतो, आई मागं राहते, तिला सोडवायला तो परत निघतो. वाचन तिथवर आलं आणि मुदत संपली. मी पुस्तक परत केलं.

"माय सुटली का न्हाई?" चुलतीनं विचारलं.

"वाचलं न्हाई अजून, काकी."

"मंग सुटली म्हण की!"

"न वाचलेलं कसं सांगू?"

"लई खरा! जा, जल्दी आण परत."

गेलो, तर आत त्याच पुस्तकावर व्याख्यान चाललेलं. मी खिडकीशी उभा राहिलो. गोरे लोक काळ्यांना वेगळं बसवतात, शिवून घेत नाहीत, हे सांगताना वक्त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाकांवरून 'अरेरे' उमटलं, तिथंही डोळे पुसले गेले. मग शेवट वाचून दाखवायला त्यांनी पुस्तक उघडलं. शेवटची पानं भिजून, वाळून एकमेकांना चिकटली होती. ओढली तशी फाटली.

"कुणी केलं हे?"

चिटणिसांनी खिडकीकडे बोट केलं. "त्यानं नेलं होतं."

"मी कोरडं दिल्तं. गोमूत्र तुमचं, साहेब."

"आवाज खाली! बाहेर उभं राहून ऐकू देतो, ते कमी आहे का?"

"ऐकतोच हाय. शेवट तेवढा सांगा. माय सुटली का?"

"ह्याला त्याच्या मायची पडली!" आतून कुणीतरी म्हणालं, आणि मघाशी डोळे पुसणारे सगळे हसले.

पुस्तकाची किंमत माझ्याकडं मागितली. मी दिली नाही. सभासदांतून माझं नाव गेलं. चुलतीनं शेवटच्या आजारातही विचारलं होतं. मी खोटं बोललो नाही, आणि खरं मला ठाऊक नव्हतं.

यंदा निजामी गेली. तेच चिटणीस परवा घरी आले. पहिल्यांदाच मला 'अहो' म्हणाले. "आता आत बसून वाचा. सगळे सारखे."

"ते पुस्तक हाय का?"

"ते तेव्हाच फेकलं. जुनं कशाला उकरता?"

बायकोनं चहा ठेवला. आत्ताच झाला, म्हणाले, आणि कप हातभर दूर सारला. कपाला बोट न लावता, बशीच्या कडेनं.

"दुसरं मागवा," मी म्हणालो. "आल्यावर माझ्या हातात द्या. पायरीवर न्हाई, हातात. मंग वर्गणीचं बघू."