अम्मीसाठीचं रडू

बांगडी भरताना हाताकडे बघायचं नसतं, तोंडाकडे बघायचं असतं. हे अम्मीनं शिकवलं. जुन्नरच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे; दुकान कसलं, एक ओटा आणि मागं काचेची दोन कपाटं. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचं, आणि बांगडी तिथं अडली की काहीतरी विचारायचं. बाई उत्तर द्यायला तोंड उघडते, हात ढिला पडतो, बांगडी आत. अम्मीचा प्रश्न ठरलेला. ‘नवरा घोरतो का गं?’ सत्तरीच्या म्हातारीलाही तोच आणि मढ गावाहून आलेल्या नवरीलाही तोच. नवरी लाजून म्हणायची, ‘मला काय म्हायती, अजून लगीन न्हाई झालं!’ तोवर बांगडी मनगटात गेलेली असायची.

मागच्याच्या मागच्या थंडीत अम्मी गेली. शेवटचे चार महिने अंथरुणावर, नाकात नळी, बोलणं बंद. ती गेल्यावर मला तिचा आवाजच आठवेना. डोळे मिटले की ती नळी दिसायची. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या रडू फुटायचं, घास उतरायचा नाही, हात थरथरायचे. गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगडी फुटायची. आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी इतक्या वाढवल्या की बाया पुढच्या दुकानात जायला लागल्या.

आमचे हे बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे कासरे आणि घुंगरमाळा विकतात. माणूस मुलखाचा अबोल. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी मला टेम्पोत बसवलं आणि नारायणगावला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी वाटभर भांडले.

‘मी काय येडी हाय का?’

‘येडी नाय, आजारी हाय. म्हैस आजारी पडली तर दवाखाना करतोच ना?’

‘म्हैस म्हणता होय मला?’

त्यावर ते हसले, आणि मला त्या हसण्याचाही राग आला.

बाईंनी एक गोळी दिली, सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. म्हणाल्या, ‘लगेच फरक पडणार नाही, तीन-चार आठवडे तरी लागतील. सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, तेव्हाच यायचं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. दुसरं काय औषध घेता?’ गुडघ्याच्या गोळ्या घेते हे मी गिळून टाकलं. गुडघ्याचा आणि मनाचा काय संबंध? ह्यांनीच मागून सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. दोन्ही एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो म्हणून गुडघ्याची गोळी बदलून दिली.

पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ. शेजारीण म्हणाली, ‘गोळ्यांची सवय लागंल गं, सोड ते.’ हे मात्र रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत उभे राहायचे. महिना झाला आणि एका सकाळी मी भाकरी मागून घेतली. मागून! हात थांबले. सबंध आठवड्यात एकही बांगडी वाढवली नाही. बाया परत आल्या.

पण रडूही थांबलं. आधी बरं वाटलं. मग अम्मीची बरसी आली, वर्ष झालं तिला जाऊन. घरात फातेहा झाली, सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि मी आपली ताटात जर्द्याचा गोड भात वाढतेय, डोळे कोरडे ठणठणीत. खाला, अम्मीची बहीण, दुसरीला हळूच म्हणाली, ‘पोटची पोर, टिपूस न्हाई डोळ्यात.’ ते मला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. अम्मीचा आवाज गेला होताच, आता तिच्यासाठीचं रडूही गेलं. गोळी मला बरं करतेय आणि अम्मीला पुसतेय, असं माझ्या मनानं घेतलं. मला बरं व्हायचं नव्हतं. मला अम्मी हवी होती.

त्यात रमजान आला. अम्मीचा महिना. दुपारपासून पदर खोचून भजी तळणारी, चाखता येत नाही म्हणून मीठ वासावरून ओळखणारी अम्मी. मी ठरवलं, हा महिनाभर गोळी बंद. ह्यांना म्हटलं, ‘रोज्यात सकाळी गोळी कशी घेऊ?’ त्यांना पटलं. रोजा माझा खरा होता, सांगितलेलं कारण खोटं होतं. अल्ला माफ करो.

चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात सणकन करंट लागल्यागत व्हायचं. जमीन हलायची. उपासानं होत असेल म्हटलं. मग चिडचिड सुरू झाली; ह्यांनी खजूर कुठे ठेवलेत विचारलं म्हणून मी आख्खं ताट आपटलं. आणि रडू आलं, आलं की! ताट आपटलं म्हणून रडले, डाळ करपली म्हणून रडले, दारातलं मांजर लंगडत गेलं म्हणून रडले. अम्मीसाठी एकदाही नाही. डोळे मिटले की तीच नळी.

दहाव्या दिवशी कॉलेजातल्या एका पोरीच्या हातावर बांगडी वाढवली. काच रुतली, रक्त आलं. पोर बिचारी मलाच धीर देत होती, ‘असू दे मावशी, लई न्हाई लागलं.’ मी दुकान बंद केलं आणि ह्यांना म्हटलं, ‘चला नारायणगावला.’

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘एकदम बंद केली ना, म्हणून ते करंट. अहो, इफ्तारनंतर घ्यायची, एवढंच तर होतं. विचारायचं नाही का?’

मग मी खरं ते सांगितलं. की मला रडायचं होतं.

मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘कोरडं वाटतं हे मला त्याच वेळी सांगायचं. काहींना होतं तसं. आधी घडी बसू दे, मग डोस कमी करून बघू. बंद करायची वेळ येईल तेव्हाही पायरी-पायरीनं उतरू. पण दोघींनी मिळून.’

इफ्तारनंतर पुन्हा गोळी सुरू झाली. ईदेला शीरखुर्मा केला, अम्मीच्या हाताची चव आली नाही. ईदेनंतर काही दिवसांनी बाईंनी डोस थोडा कमी केला. मी रडू यायची वाट बघायचं सोडून दिलं होतं.

मग लग्नसराई. मढकडची एक नवरी आली, सोबत आई आणि मावश्या. हिरवा चुडा भरायचा होता. पोरीचा हात भाताची आवणी करून करून निबर झालेला, हाड रुंद. तिसरी बांगडी अडली. पोर अंग चोरून बसली होती. मी दाबत होते आणि मनात म्हणत होते, नवरीच्या हातावर वाढवू नको, नवरीच्या हातावर नको. आणि माझ्या तोंडून गेलं,

‘नवरा घोरतो का गं?’

तोच हेल. तोच शेवटचा ‘गं’ लांबवलेला. मी बोललेच नव्हते जणू. मागच्या कपाटाशी बसून तीच बोलली. नळी नाही, काही नाही. तोंडात पान, डोळ्यांत खट्याळपणा.

पोर खुदकन हसली. मावश्या हसल्या. बांगडी आत गेली.

माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी तिच्या मनगटावर पडायला लागलं. नवरीची आई घाबरली. ‘काय झालं वो मावशी? रडताय व्हय?’

‘रडू द्या हो. लई दिवसांनी आलंय,’ म्हटलं, आणि पदरानं पोरीचं मनगट पुसलं. ‘आण गं, दुसरा हात आण.’