अकरावाले काका

मे महिन्यात नागपूरचा पारा सेहेचाळीसवर गेला की आमच्या सदर भागातल्या गल्लीत घरोघरी कूलर घरघरत. फक्त अकरावाल्या काकांच्या बैठकीतला कूलर जुनी चादर पांघरून कोपऱ्यात उभा असे. "कूलर लावला का याईले सर्दी होते," काका सांगत. 'याईले' म्हणजे भिंतीवरच्या अकरा कृष्णधवल फोटोंतल्या माणसांना. कूलरच्या ओलाव्यानं फोटोचा कागद फुगतो, त्याला ते सर्दी म्हणत. काकूंच्या अंगभर घामोळं उठे, त्याला ते उन्हाळा म्हणत.

काका सरकारी कचेरीत नकाशे काढता काढता निवृत्त झाले होते. त्यांना नाद एकच. एक फिरस्ता छायाचित्रकार कष्टाच्या माणसांत राहून त्यांचे फोटो काढी. त्याची बारा फोटोंची एक मालिका होती. प्रत्येक फोटोच्या मोजक्याच प्रिंट त्यानं स्वतः काढलेल्या, खाली पेन्सिलनं सही आणि क्रमांक. काकांकडे त्यातल्या अकरा होत्या. बाराव्या प्रिंटच्या शोधात इतकी वर्षं गेली, की गल्लीनं त्यांचं नावच अकरावाले ठेवलं.

मी उमरेडहून कॉलेजसाठी आलो आणि त्यांच्याकडे खोली मागायला गेलो, तेव्हा काका म्हणाले, "आधी याईले भेट. हे सावनेरकडच्या खाणीतले शामरावजी. ह्या वीटभट्टीवरच्या सुभद्राबाई." आमच्या घरी भिंतीवर फोटो लागतो तो वारलेल्या माणसाचा. मी चपला दारात काढल्या आणि अकराही जणांना वाकून नमस्कार केला. मग हळू आवाजात विचारलं, "शामरावजी कधी गेले?"

"कुठं जातीन गा? मांगच्याच महिन्यात फोन आलता त्याईचा!"

मी शरमेनं मेलो. पण काका आतल्या बाजूला वळून ओरडले, "पोरगा सालस आहे वं! अकराच्या अकराईले नमस्कार केला यानं. देऊन टाक खोली."

दुसऱ्या कुणा छायाचित्रकाराचे फोटो का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. काकांनी शामरावजींना भिंतीवरून उतरवून मागची बाजू दाखवली. तिथं पेन्सिलनं नाव आणि गाव लिहिलं होतं. "बाकीचे आधी फोटो काढते, नाव तर विचारतच नाही. हा आधी नाव विचारते, मंग सोबत चहा पेते, मंग फोटो काढते." तेव्हापासून मी कुणाशीही बोलताना आधी नाव विचारतो. कॉलेजात शिकलेलं पुष्कळ विसरलो, हे राहिलं.

प्रिंट हाताळायला त्यांच्याकडे पांढरे सुती हातमोजे होते. एकदा त्यातला एक नाहीसा झाला. काकांनी सगळं घर पालथं घातलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "माह्या हातात आहे. सांडशी सापडून नाही राहिली." त्या मोज्यानं त्या उकळता रस्सा उतरवत होत्या. काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मोज्यावर तर्रीचा डाग कायमचा राहिला.

कूलरबद्दल मात्र दोघांत पक्का करार होता. "बारा झाले का पूर्ण संच पेटीत ठेवतो," काकांनी शब्द दिला होता, "मंग लाव तुया कूलर." त्यामुळे बाराव्या प्रिंटसाठी काकांपेक्षा काकूच जास्त झुरत. गणपतीला नवसही त्यांनीच बोलला होता.

माझ्या शेवटच्या वर्षी, ऐन मे महिन्यात, ती प्रिंट आली. मागावर बसलेला विणकर. काकूंनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट कूलरची चादर ओढली. काका पंधरा दिवस भिंग लावून त्या विणकराच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहत राहिले. मग शब्दाला जागून बाराही प्रिंट पेटीत गेल्या आणि त्या घरात पहिल्यांदा गार वारा सुटला.

तो आठवडाभर टिकला. माझा निकाल लागला. घराण्यातला मी पहिला पदवीधर. बाबा पेढे घेऊन उमरेडहून बसनं आले. बाबांचा जन्म मागावर गेलेला. काकांनी कौतुकानं कूलर बंद केला, पेटी उघडली आणि विणकर त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी एकदाच पाहिलं. "याची तार तुटली ना गा! अन् हा फोटोले बसला?" म्हणत त्यांनी बोट पुढं केलं, जणू तार जोडणारच होते. बोट कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं. कुणी नुसतं जवळ गेलं तरी "हळू!" म्हणून खेकसणारे काका स्वतःच पुढं वाकले. त्यांनी भिंग लावलं. डाव्या कडेला खरंच एक धागा लोंबत होता.

काकांनी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. मग प्रिंट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मी पंधरा दिवस उजेडच पाहून राहिलो. तुया बाबाले तार दिसली. हा तुमच्याच घरचा माणूस आहे. घेऊन जा."

"अन् कूलर?" काकू किंचाळल्या.

"बारा कुठं आहेत आता?" काकांनी अकरा खिळे मोजले आणि शामरावजींना परत भिंतीवर चढवलं.

काकू माझ्याकडे वळल्या. "तुया बापाले इतके तेज डोळे काहून दिले गा देवानं!"

पुढं मला नोकरी लागली, मी नागपुरातच घर केलं. विणकर माझ्या बैठकीत आहे. त्या खोलीत कूलर नाही, म्हणून पाहुणे फार बसत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मे उजाडला तसा मी विणकराला कागदात गुंडाळलं आणि काकूंकडे गेलो. बारा पुरे झाले की त्यांना तरी गार वारा मिळेल, एवढंच मनात होतं. बैठकीत अकरा जण जागच्या जागी होते. काकू पदरानं वारा घेत बसल्या होत्या. कूलरवर तीच जुनी चादर होती.

मी पुडकं पुढं केलं. काकूंनी ते उघडलंही नाही.

"वापस ने बाबू," त्या म्हणाल्या. "बारा झाले तर कूलर लावा लागन. मंग याईले सर्दी होईन."