मामाचा हॉर्न आणि मुका पंप

भाचीचं लग्न सास्तूरला, गोरज मुहूर्तावर. नवरीला मांडवात मामानं आणायचं, आणि हा मामा म्हणजे आमचे हे. आहेराच्याही आधी ह्यांनी काय घेतलं, तर गाडीला बँडबाजासारखा हॉर्न. म्हणे, "मामा आला हे गावाला कळायला नको?"

पहाटे पुण्याहून निघून बार्शीमार्गे भूमला पोचलो. रस्ता बराचसा चांगला. जिथं खड्डे, तिथं हॉर्नची चाचणी झाली. भूमला थांबलो खव्याच्या पेढ्यांसाठी. तुम्हीही घ्या, पण चव बघताना हात आवरा. पेढे घेऊन आलो तर गाडी चालू होईना. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन काही पेट घेईना.

लगेच तज्ज्ञ जमले.

"बॅटरी बसली," फेटेवाले आजोबा म्हणाले.

"नजर लागली. लई वाजवत आलते," चहावाला म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, किल्ली फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप घूं करतो. आज गप्प आहे." रोज ऑफिसला गाडी मीच नेते, तो आवाज माझ्या ओळखीचा. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मागची सीटच बोलली. मग सगळ्यांनी गाडी ढकलली. गाडी उतारावर गेली आणि तिथं बंद राहिली.

तेवढ्यात भाचीचा फोन. "मामी, मामाशिवाय मी मांडवात येणार न्हाय." वडील गेल्यापासून ती मामाचीच.

मी बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर नकाशा असतो. पंपाचा फ्यूज शाबूत होता. शेजारी रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारी काळी ठोकळी. हॉर्नची ठोकळी त्याच नंबरची. (नंबर जुळल्याशिवाय हा उद्योग करू नका.) ती काढून पंपाच्या ठोकळीच्या जागी बसवली, किल्ली फिरवली. घूं! पुढच्याच फेरीत इंजिन चालू.

"पण मग हॉर्न?" ह्यांनी विचारलं.

"हॉर्न हवा की भाची?"

ह्यांना किती विचार करावा लागला, ते इथं लिहीत नाही, कारण भाची माझा ब्लॉग वाचते.

लोहाऱ्यापुढं रस्ताभर बैलगाड्या. मामा खिडकीतून ओरडतोय, "ओ मालक, बाजू द्या! नवरीचा मामा हाय!"

"मग आदी निघायचं न्हाय व्हय?" गाडीवान म्हणाला, पण बैल बाजूला घेतले.

अक्षता वाटायला सुरुवात झाली होती तेव्हा पोचलो. भाची गळ्यात पडून रडली, मग मामाचा हात धरून मांडवात आली. ह्यांचा घसा पार बसलेला, त्यामुळं भाषण झालं नाही, नुसते रडले. इतका चांगला मामा मी आधी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर नवा रिले बसवला, हॉर्नही परत वाजतोय. पण आता हे किल्ली अर्धी फिरवून बोट वर करतात, "शूऽ, ऐक." घूं झालं की मगच निघतात. बिघाड आवाजावरून आपणच ओळखला, असं शेजाऱ्यांना सांगतात. सांगू देत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर निदान गाडीचं तरी ऐकायला लागले; कधीतरी माझाही नंबर लागेल.