वनिताताईंच्या अकाउंटमधून दिसलेलं शून्य

चूक माझीच होती, आणि ती मी वनिताताईंच्या खुर्चीत बसून केली.

गिरगावातल्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानातले कॉम्प्युटर मी सांभाळतो; वनिताताई तिथे पत्रिकांची डिझाइनं करतात. त्या दुपारी ताई आणि मालक दोघंही वापरतात त्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह लाल झाला होता, म्हणजे जागा संपली होती. ताईंचं अकाउंट उघडंच होतं, त्यातूनच मी क्लीनअप सॉफ्टवेअर सुरू केलं. समोरच्या लाकडी घराची सावली कीबोर्डवर पडली होती. पडद्यावरची हिरवी पट्टी इतकी सावकाश सरकत होती, की ती पोचेपर्यंत आपण म्हातारे होऊ असं वाटलं.

टाकाऊ फायली जवळजवळ निघाल्याच नाहीत. मोठं दिसलं ते एकच, ताईंचं चित्रांचं फोल्डर.

"हे काय गं?" मालक नाईककाकांनी विचारलं.

"काम संपल्यावर काढलेली, काका. सोमवारी परळच्या स्टुडिओत दाखवायचीयेत."

"वा गं वा! माझ्याच मशीनवर बसून पळायची तयारी?" काका माझ्याकडे वळले. "यानेच मशीन भरलंय का रे?"

"दिसतंय तर तसंच."

"उद्या पेनड्राइव्ह आणते," ताई म्हणाल्या.

"उद्या नाही. आत्ता काढ."

ताईंनी शिफ्ट दाबून फोल्डर कायमचं डिलीट केलं. ड्राइव्ह लालच राहिला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कॉम्प्युटरमधलं प्रत्येक अकाउंट म्हणजे चाळीतली वेगळी खोली. ताईंच्या साध्या अकाउंटला दुसऱ्याच्या खोलीत शिरायची परवानगी नव्हती आणि सॉफ्टवेअर त्यांच्याच नावाने चाललं होतं. बंद खोलीपुढे ते 'दार बंद आहे' म्हणत नव्हतं. शून्य लिहून पुढे जात होतं.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करून तेच पुन्हा चालवलं. काकांच्या रिसायकल बिनमध्ये नातीच्या बारशाचे टाकून दिलेले व्हिडिओ ढिगाने पडले होते. मी ते गुपचूप साफ केले. ड्राइव्ह निळा झाला.

"बघ, तुझीच चित्रं होती," काका म्हणाले. मी बॅग आवरली.

संध्याकाळी घरी जाताना करी रोड स्टेशनला उतरलो. समोरच्या उंच टॉवरच्या बंद खिडक्यांकडे बघत किती तरी वेळ उभा राहिलो. एकही खोली रिकामी असेल असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊन गेलो. डिलीट केलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. बरीच चित्रं परत आली. काही अर्धीच आली: गॅलरीत वाळणाऱ्या निळ्या साड्या, आणि खाली जमिनीऐवजी नुसता राखाडी रंग. ताईंनी तीही पेनड्राइव्हवर घेतली.

तेव्हापासून कुठल्याही तपासणीचा निकाल आला, की तो कुणाच्या अकाउंटमधून आलाय ते आधी बघतो. पण त्या दिवशी अजून एक काम बाकी होतं.

"काका, जरा इकडे या," मी हाक मारली. "काल तुमच्यासमोर बोललो, म्हणून आजही तुमच्यासमोरच सांगतो. जागा तुमच्या व्हिडिओंनी खाल्ली होती. ताई, मला हे कालच कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. मला माफ करा."