दोन डावे पाय

"आधी पाय दाखव." नाव, गाव, कुणाची कोण, हे सगळं नंतर. पहिल्या भेटीत आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सँडलकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय पाच नंबर, चप्पल चार नंबर. डोकं दुखत असंल तुझं." दुखत होतं हो! सकाळपासून दुखत होतं. पण असल्या माणसापुढे लगेच कबूल कोण करतंय? मी नाही म्हटलं आणि लंगडत घरी गेले.

महाडला आमच्या समोरच्या घरात ते मुलाकडे राहायचे. मूळचे पोलादपूरकडचे, कापडे गावाच्या पुढच्या एका वाडीतले. फौजेतून निवृत्त झालेले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, मग तो कुणी का असेना. यांना मात्र सगळे बूट-मेजर म्हणायचे. मी आबा म्हणायचे. बूट-मेजर नावाचं कारण साधं होतं. आबांनी सगळी नोकरी फौजेच्या स्टोअरमध्ये काढली. येणाऱ्या शिपायाला बूट द्यायचे, वहीवर अंगठा किंवा सही घ्यायची, पुढच्याला हाक मारायची, "साइज बोलो!" संपलं. एक गोळी झाडली नाही की एक शत्रू पाहिला नाही.

गल्लीतली पोरं मुद्दाम विचारायची, "मेजर, किती मारले?"

"मारला कोणी नाय. बूट दिले," आबा शांतपणे सांगायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बढाई मारायची आयती संधी ताटात वाढून मिळते आणि ते ताट बाजूला सारतात. मला तर राग यायचा. अहो, एक छोटीशी थाप मारायला काय हरकत होती?

त्यांचा मुलगा शाळेत शिक्षक. सगळी गल्ली, अगदी आबासुद्धा, त्यांना मास्तरच म्हणत. मास्तर सज्जन, शिकलेले, पांढरा शर्ट कधी चुरगळायचा नाही. एकदा त्यांनी हौसेने वडिलांना शाळेतल्या कार्यक्रमात बोलावलं. माजी सैनिक म्हणून शाल, नारळ, दोन शब्द. आबांनी त्या दोन शब्दांत पायमोजे कोरडे कसे ठेवावेत ते सांगितलं. मुलं हसली, मग शिक्षकही हसले. मास्तर घरी येऊन जेवले नाहीत, असं आबांच्या सुनेनं माझ्या आईला सांगितलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. बुद्धविहारात कार्यक्रम असला की आबा आत बसायचेच नाहीत. दाराबाहेर उकिडवे बसून लोकांनी भिरकावलेल्या चपला जोडीने लावायचे. एका ओळीत, सगळ्या चपलांची तोंडं बाहेर. उठला की माणूस लगेच चालू लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांना ते अजिबात खपत नसे. एकदा सगळ्यांसमोर ते वडिलांना म्हणाले, "बाबा, यासाठी शिकलो का आपण? लोकांच्या चपलांपाशी बसायला?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कुठे बसवलं गेलं हे ज्याला माहीत आहे, त्याला ते दृश्य बघवणार कसं? आबांनी हातातली जोडी आधी लावली, मग उठले. नंतर मला एकदाच म्हणाले, "मास्तर मला फौजी मानीत नाय गो. गल्लीनं मेजर केला, तेवढाच एक राहिलाय बघ."

आता माझं सांगते. मी एका गेम बनवणाऱ्या कंपनीसाठी पात्रं काढते, घरूनच. आई शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटरवर राक्षस काढते," आणि विषय बदलते. त्या वर्षी मला एक योद्धा काढायचा होता. प्राचीन काळच्या पायदळावरून सुचलेला, पण काल्पनिक राज्यातला. मी जीव तोडून वाचलं. रोमन शिपाई, ग्रीक शिपाई, आपल्याकडच्या जुन्या शिल्पांतले भालेवाले. मग खांद्यावर सिंहाची तोंडं, छातीवर पितळी पत्रे, मांडीएवढी तलवार, गुडघ्यापर्यंत वाद्या बांधलेली पादत्राणं, असा एक देखणा गडी उभा केला. कंपनीने दोनदा परत पाठवला. म्हणाले, दिसतो भारी, पण हा कुठून चालत आलाय असं वाटत नाही.

त्याच दिवसांत आबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवर भरून घ्यायला आमच्याकडे आले. काम झालं, जिवंत असल्याचं सिद्ध झालं, तरी उठेनात. चष्मा पुसून स्क्रीनकडे बघत बसले.

"ह्यो कोण?"

"योद्धा आहे, आबा. लढणारा."

"लढंल कसा? दोन्ही पाय डावेच हायत."

मी हसले. मग नीट पाहिलं. एक पाय नीट काढून मी तोच उचलून दुसऱ्या बाजूला चिकटवला होता, उलटा करायला विसरले होते. दोन्ही अंगठे एकाच बाजूला! कंपनीतल्या पाच-सहा हुशार माणसांनी दोन वेळा तपासलं होतं. सगळ्यांनी तलवार पाहिली होती.

"आणि ही वादी बघ," आबा म्हणाले. "घोट्याच्या हाडावरनं नेलीस. अर्ध्या कोसात सोलून काढंल."

"आबा, तो काल्पनिक आहे."

"पाय तरी खरेच असतील ना त्याचे?"

मी तिथल्या तिथे दुसरा पाय उलटा केला.

आबा एवढ्यावर थांबले नाहीत. माझं चित्र छापून घेऊन एसटी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले आणि हुबेहूब तशी जोडी माझ्या मापाची शिवून आणली. म्हणाले, "घाल आणि चल." गांधारपाल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या त्यांनी मला त्या जोडीत चढायला लावल्या. भर सकाळी, येणाजाणाऱ्यांसमोर, जीन्सवर गुडघ्यापर्यंत वाद्या बांधून! निम्म्यावर घोटा सोलला, वरपर्यंत टाचेला फोड आला. आबा साध्या काळ्या बुटांत माझ्यामागून चढत होते आणि दर वीस पायऱ्यांनी विचारत होते, "काय गो, काल्पनिक दुखतंय का?"

वर पोचल्यावर मी लेण्याच्या ओट्यावर पाय पसरून बसले. त्यांना गप्प करावं म्हणून वाचलेलं सांगितलं, की रोमन शिपायांच्या पादत्राणांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत, घसरू नये म्हणून. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तिथंबी स्टोअरला कोणीतरी असंलच की! दोन हजार वर्षांपूर्वी! त्याचा नाव लिवलंय का कुठं?"

"नाही, आबा."

"नसंलच," ते म्हणाले, आणि खाली सावित्री नदीकडे बघत राहिले.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. बर्फाच्या ठाण्यावर एक तुकडी निघाली होती. एका शिपायाने नऊ नंबर मागितला. हाताशी होते ते नऊ संपले होते. नवी पेटी वरच्या फळीवर होती, पण ती उतरवून फोडावी लागली असती, आणि जेवणाची शिट्टी झाली होती. "मी आठ दिले. बोललो, चलेगा. तोबी बिचारा चलेगा बोलला."

तीन महिन्यांनी तो शिपाई स्टोअरच्या खिडकीशी आला. घट्ट बुटात थंडीने त्याच्या पायाची तीन बोटं गेली होती. भांडला नाही, ओरडला नाही. हसून म्हणाला, "स्टोअर साब, अब आठ नंबर बराबर बैठता है।"

आबा सांगताना रडले नाहीत. रडले मीच. आपण फोड दाखवून एवढा गवगवा करत होतो याची लाज वाटली.

"त्या दिसापास्नं 'चलेगा' बोललो नाय," आबा म्हणाले. "आणि कोणाच्या तोंडाकडं आधी बघीत नाय."

"मास्तरांना सांगितलंत का हे?"

"काय सांगू? बाप लढला नाय, आणि वर दुसऱ्याची बोटं घालवली?"

घरी येऊन मी सिंह पुसले, पितळ पुसलं, तलवार लहान केली. नवा योद्धा उकिडवा बसलेला काढला. पाठीवर सामान, बाजूला भाला, आणि तो दुसऱ्या शिपायाच्या पायातली वादी बांधतोय. कंपनीने त्याला नायक काही केलं नाही. नायकाला उकिडवं बसवतात का कधी! पण ठेवून घेतला. गेममध्ये प्रत्येक लढाईआधी तो तळावर भेटतो आणि म्हणतो, "साइज बोलो." त्याने पाय तपासल्याशिवाय कुणालाही, अगदी राजालाही, पुढे जाता येत नाही.

आबांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून आधी पाय पाहिले. "एक उजवा, एक डावा. पास." मग चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा त्यांचाच होता, फक्त केस काळे केले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "मास्तरला दाखव कधीतरी. मला नाय जमायचा."

मी हो म्हटलं, आणि आज दाखवू, उद्या दाखवू करत राहिले. मास्तरांच्या कडक इस्त्रीची मला भीती वाटायची, दुसरं काय! थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी जेवून आडवे झालेले आबा उठलेच नाहीत. ते दिवस मी वाया घालवले याबद्दल मला स्वतःचा राग आहे, आजही आहे.

विहारात आबांच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता; त्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. मोबाइलवर ते पात्र दाखवलं, आणि नऊ नंबरची, आठ नंबरची, तीन बोटांची सगळी गोष्ट सांगितली. मास्तर उभ्याउभ्याच ऐकत होते. पडद्यावरचा तो माणूस वादी बांधायचा, वर बघायचा, परत वादी बांधायचा. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच मास्तर म्हणाले. मोबाइल परत द्यायला मात्र विसरले.

विहार माणसांनी भरला होता. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले, मग मास्तरांचं नाव पुकारलं. मास्तर जागेवर नव्हते. पुन्हा पुकारलं. मी बघायला बाहेर आले.

मास्तर दाराबाहेर उकिडवे बसले होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मातीने भरल्या होत्या. चपलांची निम्मी ओळ त्यांनी लावली होती, जोडीला जोडी, अगदी सरळ. फक्त सगळ्यांची तोंडं विहाराकडे होती.

माझी चाहूल लागली तसं त्यांनी वर न बघता विचारलं, "बाबा चपलांची तोंडं कुठे ठेवायचे गं?"

"बाहेर, दादा," मी म्हटलं. "उठला की माणूस लगेच चालू लागला पाहिजे."

आतून तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. मास्तरांनी पहिल्या जोडीपासून पुन्हा सुरुवात केली. मीही ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि एकेक जोडी फिरवू लागले.