पंच्याहत्तर टक्क्यांचं गाणं

दुसरं गाणं रंगात आलं होतं, तेवढ्यात साहेबराव नावाचे एक शेतकरी स्टेजवर चढले आणि त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला. पिंपळगाव रेणुकाईत नवरात्रातला दुपारचा कार्यक्रम होता.

"बाजरीच्या गाडीवर गाणारा तूच ना?"

मी अभिमानानं हो म्हणालो.

"मंग गाणं राहू दे. माझी बाजरी पुरी का उगवली न्हाई, ते सांग आधी."

लोक हसले. मग हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. तीच बाजरी पेरलेले त्यांच्यात पुष्कळ होते.

मी जालन्यातल्या एका फंक बँडचा लीड सिंगर. फंक म्हणजे काय, हे नव्वदच्या दशकात मला जिल्हाभर समजावत फिरावं लागायचं. यात बेस गिटार पुढं, चाल मागं. गाणारा गातो कमी, ठेक्यावर बोलतो जास्त. हे वेड मिलिंदचं. तो आमचा बेसवाला, एरवी शाळेत गणित शिकवायचा. ड्रमवर जावेद. तो एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला, त्यामुळे कितीही जोरात वाजवलं तरी त्याला ते हळूच वाटायचं. लग्नात आमची तीन गाणी झाली की कुणीतरी येऊन विचारायचं, "टेस्टिंग झालं असंल तर गाणं कधी चालू करता?"

अशात एका बियाणे कंपनीच्या मॅनेजरनं बोलावलं. प्रचाराच्या गाडीवर वाजवायला जिंगल हवी होती, म्हणजे जाहिरातीचं छोटं गाणं. ठेक्यावर बोलणारा माणूस त्याला चालणार होता. मी बियाण्याच्या पिशवीवरचाच मजकूर घेतला आणि गायलो. उगवण पंच्याहत्तर टक्के, म्हणजे चार दाण्यांतले तीन उगवणार.

मॅनेजरनं रेकॉर्डिंग थांबवलं. "पंच्याहत्तर तालात बसत नाही. शंभर घ्या."

"सर, बसतंय की."

"मला नाही वाटत."

मिलिंद म्हणाला, "पण पिशवीवर तर..."

"पिशवी कोण वाचतं? लोक गाणं ऐकतात."

आमचं गाणं लोक ऐकतात, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. आम्ही शंभर घेतलं.

त्या पावसाळ्यात वडीगोद्रीपासून भोकरदनपर्यंत माझा आवाज वाजला. टपरीवर लोक मला चहा पाजू लागले. आता माझं काहीतरी होणार, असं घरच्यांनाही वाटायला लागलं.

आणि आता साहेबराव माइक धरून उभे होते. "चारातली एक जागा खाली राह्यली. रिकाम्या जागी बी टोचू टोचू कंबर गेली माझी. तूच म्हणला ना, शंभर टक्के?"

मागून जावेद हळूच म्हणाला, "भाई, सामान भरूं क्या?"

मी खरं ते सांगितलं. पिशवीवर पंच्याहत्तरच आहे, शंभर मॅनेजरनं घालायला लावलं.

"सायब म्हणले अन् तू गायला?"

"गायलो."

"मंग आता बराबर गा. हितंच."

मिलिंदनं बेस सुरू केली. पं-च्या-हत्-तर. चार ठोके, चार तुकडे, इतकं चपखल की जावेद ड्रमवरून उठून वाजवायला लागला. दुसऱ्या फेरीला समोरचे लोक ओरडून साथ देत होते. आमच्या फंकवर पहिल्यांदा कुणी टाळ्या धरल्या, त्या बाजरीच्या उगवणीवर. साहेबराव मात्र खाली उतरले नाहीत. शेवटपर्यंत हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी दर खेपेला आकडा बरोबर घेतो की नाही, ते ऐकत राहिले.

ही बातमी कंपनीपर्यंत पोचली. पुढच्या वर्षी जिंगल दुसऱ्या गायकाकडे गेली. तिच्यात टक्के नव्हतेच, 'भरघोस' होतं. ते मोजता येत नाही. पिंपळगावनं मात्र आम्हाला पुन्हा बोलावलं, पाटीवर 'पंच्याहत्तर टक्केवाले' असं लिहून. बाकीची गाणी त्यांनी नम्रपणे ऐकून घेतली.

इतकी वर्षं गातोय. तालात न बसणारा शब्द मला अजून भेटलेला नाही. साहेबांना न परवडणारे पुष्कळ भेटले.