ताईच्या लॅपटॉपवरचा उंदीर

बहिणीच्या लग्नात तिच्या नवऱ्याने भर पंगतीत मला ‘उंदीरवाले मेव्हणे’ म्हटलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर खरी तक्रार! पेणला आमच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना होता. मूर्तीला हात लावायला मला बंदी होती (एकदा माझ्या हातची सोंड डावीकडे वळता वळता मधेच थांबली होती). म्हणून माझ्याकडे फक्त उंदीर. मी शाडूचे उंदीर वळायचो, ताई त्यांचे डोळे रंगवायची. ओल्या मातीचा वास, कोपऱ्यात रेडिओ, आणि आम्ही दोघं प्रत्येक उंदराला नाव ठेवायचो. जो चिडका दिसेल, त्याला ती माझं नाव द्यायची. पुढे मी रंगांचं दुकान काढलं, स्वतःच्या जिवावर वाढवलं, भाव करताना अर्ध्या पेणशी भांडलो. पण रोह्याजवळच्या वरसे गावी ताईच्या घरी पाऊल टाकलं की मी पुन्हा उंदीरवाला!

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर ताईचा पाय मोडला. माहेरच्या बाप्पाची पहिली आरती तिने आजवर कधी चुकवली नव्हती. फोनवर रडायलाच लागली.

“अगं, मोबाईलवर दाखवतो की!”

“मोबाईलवर बाप्पा सुपारीएवढा दिसतो रे दिन्या. मला मोतीबिंदू हाय, इसरलास?”

झालं! बंद पडणाऱ्या एका कॉम्प्युटर क्लासमधून मी दोन जुने लॅपटॉप घासाघीस करून आणले. (“चार्जरपण न्या, पण आता जा,” मालक म्हणाला.) ते सुरू होईपर्यंत आमच्याकडे चहा होऊन कपबश्या विसळून व्हायच्या. मग व्हिडिओ बघून बघून मी दोन्हीवरचं जुनं सगळं पुसून लिनक्स ही दुसरी सिस्टीम आणि तिचा एक हलका ‘डेस्कटॉप’, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, टाकला. फुकट! या शब्दापुढे मी नेहमीच हळवा होतो. लॅपटॉप पळायला लागले. ताईसाठी अक्षरं मोठी केली, मागे आमच्या बाप्पाचा फोटो लावला आणि मधोमध एकच बटण ठेवलं : ‘आरती’.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक लॅपटॉप मांडीवर घेऊन पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. भावोजी भाजी आणायला कोलाडला गेले होते. ताई पाय उशीवर ठेवून पडद्याकडे वाकली आणि खुदकन हसली.

“दिन्या, हा कोपऱ्यात आपलाच उंदीर ना रे?”

मी चष्मा लावला. मेनूच्या बटणावर उंदीर! या डेस्कटॉपची खूणच उंदीर आहे, हे मला तोवर कुठे ठाऊक!

“ऱ्हाऊ दे की. गोड हाय.”

“गप गो ताई! भावोजींनी बघितला तर?”

ते यायच्या आत उंदीर काढायचाच. त्याची चित्रं कुठे असतात ते मी शोधलं आणि सगळी काढून टाक म्हणून सांगितलं. लॅपटॉपने विचारलं, हे काढलं तर बरोबरच्या पुष्कळ गोष्टी जातील, चालेल? मी धंदेवाला माणूस. समोरचा अटी सांगायला लागला की तो मला घाबरवतोय, हे मी ओळखतो. चालेल! त्याने पुन्हा विचारलं. म्हणजे नक्कीच घाबरवतोय. चालेल म्हटलं ना!

उंदीर गेला. त्याच्याबरोबर मेनू गेला, बटण गेलं, बाप्पाही गेला! बंद करून चालू केला, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

“आरती कुठाय रे?” ताईने हळूच विचारलं.

नेमके तेव्हाच भावोजी भाजीची पिशवी घेऊन दारात.

“काय मेव्हणे, काय बंद पाडलंत?”

“बंद नाय! सेटिंग चाललंय!”

“व्हय, तोंडावरनं दिसतंय.”

“तुम्ही जन्मभर कंपनीत शिफ्टा केल्यात, तुम्हाला यातलं काय कळतं?”

“भांडा मागनं!” ताई ओरडली. “मला उद्या बाप्पा दिसनार हाय का नाय, तेवढं सांगा.”

मी खिसे चाचपले. नशिबाने ज्या पेनड्राइव्हवरून सगळं टाकलं होतं, तो खिशात होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि काय सांगू, पहिल्या वेळी चष्म्याविना मी जी नक्षी समजून बाप्पाच्या फोटोने झाकली होती, तो सबंध पडदाभर उंदीर! भावोजी वाकले. मी दातओठ खात वाट बघत होतो.

“मेव्हणे,” ते म्हणाले, “याचे डोळे नीट नाय जमलेत. आमच्या हिच्या हातचे पायजेत.”

ताई हसली, इतकी की पाय धरून बसली. मीसुद्धा हसलो. मग ‘आरती’चं बटण तेवढं लावलं आणि दुसऱ्या कशालाही हात न लावता पेण गाठलं.

दुसऱ्या दिवशी बाप्पासमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि आरती सुरू झाली. हे कोणी जमवलं ते भावोजींना दिसावं म्हणून मी अगदी पुढे उभा राहिलो आणि मधूनमधून वाकून सगळं ठीक आहे ना ते बघत होतो. वरशाहून ताई जोरजोरात काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, गातेय! आरती संपल्यावर विचारलं, “दिसलं ना?”

“दिसलं की,” भावोजी म्हणाले. “आरतीभर तुमचं टक्कल. कापूर पेटला तेव्हा तर असं उजळलं की मी हात जोडले!”

मग घरच्यांनी सगळी आरती पुन्हा म्हटली. ताईने डोळे भरून बाप्पा पाहिला. झांजा मीच वाजवत होतो. स्वयंपाकघरातून.